वरच्या मजल्यावरचा देव

तानसेन, २० असार २०४१

हीराशोभा,

तुझी हंडी पोहोचली. आधी तेवढं लिहून टाकते, नाहीतर ‘ततांनी साधी पोचही दिली नाही’ म्हणून तू भक्तपूरभर सांगत फिरशील. थोरल्या नणंदेचं नाव घ्यायला तुला निमित्त लागतं असंही नाही म्हणा.

ह्यांनी ती हंडी भक्तपूरहून सगळ्या प्रवासभर मांडीवर धरून आणली. शेजारी कोंबड्यांची टोपली, वर टपावर बकऱ्या, आणि हे आपले पहिलटकरणीसारखे हंडीला दोन्ही हातांनी सांभाळत बसलेले. मी विचारलं, खाली का नाही ठेवली? तर म्हणाले, “हीराशोभाने बजावलंय. जमिनीला टेकवायची नाही, पाय लागू द्यायचा नाही, चामड्याच्या चपलेजवळ न्यायची नाही.”

अगं, पोहेच आहेत ना त्यात? जन्मभर पोहे खाल्ले, पण पोह्यांचं सोवळं पाळल्याचं ऐकलं नव्हतं. तोंडाला फडकं, फडक्यावर माती, मातीवरून दोरा, आणि निरोप काय, तर ‘मी येईन तेव्हा मीच उघडीन.’ माझ्या घरातली हंडी तू येऊन उघडणार!

बरं, ह्यांच्या पोटातली गोष्ट चिमट्याने काढावी लागते, तरी थोडीफार काढली. आमचा तेजमान तुमच्या लॉजमधल्या गोऱ्या पाहुण्यांना थेट वरच्या मजल्यावर चुलीपाशी बसवतो म्हणे. आमच्या आईच्या वेळी जावयाने तिथे पाऊल टाकलं नाही. आता गोरे पाय पसरून तांदळाच्या चतामरी खातात! आणि चुलीच्या मागेच आगमची, घरच्या गुप्त देवाची खोली. माझ्या भावाला हे सुचणार नाही. लहानपणी देवापुढचं केळंसुद्धा विचारून खायचा तो. मग कोणाला सुचलं असेल, ते मी लिहीत नाही.

मी त्या घरची लेक. लग्न होऊन तानसेनला आले आणि आगमचा दरवाजा मला कायमचा बंद झाला. तुझं लग्न झालं, दीक्षा झाली, आणि तुला तो उघडला. रीत आहे, माझी तक्रार नाही. पण कानामागून आली नि तिखट झाली, असं कधीकधी मनात येतंच, खोटं कशाला बोलू. शिवाय ह्यांनी पाहिलं, त्या खोलीची किल्ली हल्ली तू कमरेला बांधून फिरतेस. आई ती देवळीत ठेवायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. घरच्याच माणसांपासून किल्ली कशाला सांभाळावी लागते गं?

कुठेतरी पाणी मुरतंय. उत्तर सविस्तर लिही. गोड लिहू नकोस, खरं लिही.

तीर्थलक्ष्मी


भक्तपूर, २ साउन २०४१

ततांना पायांवर डोकं ठेवून,

हंडी पोहोचली हे वाचून जीव भांड्यात पडला. पण कुठे ठेवलीत ते लिहिलं नाहीत. माळ्यावर ठेवा, तुमच्या डोक्याच्या वर. खाली ओल लागते. पोह्यांच्या सोवळ्यावर खुशाल हसा, मी तुमच्या हसण्याला कधी वाईट मानलं नाही. फक्त उघडू नका. आणि जिचाभाजूंना सांगा, तुमच्यासारखा जावई सात गावांत नाही. मांडी आखडली असेल, मोहरीचं तेल गरम करून लावा.

खरं लिहायला सांगितलंत, तर हे खरं. पाऊस असला तरी पाहुणे आहेत. एक फ्रेंच बाई महिनाभर राहिली आहे. सकाळ-संध्याकाळ जुजुधौ खाते आणि दह्याचा मातीचा कटोरा धुऊन पुसून खोलीत नेऊन ठेवते. तो फेकायचा असतो म्हणून सांगितलं, तर तिने तो छातीशी धरला. आता तिच्या खिडकीत कुंभाराचं दुकान लागलंय. दुसरा एक जर्मन आहे, तो उडदाच्या वड्यावर साखर घालून खातो. मी तोंड फिरवते. पाहुणा देवासारखा, पण देवही असलं खात नसेल.

ह्या लोकांची मला भीती वाटत नाही, तता. ते बघायला येतात, बघतात आणि जातात. पण काठमांडूहून एक गृहस्थ येतात. गोरे नाहीत, आपल्यासारखेच, डोक्यावर टोपी, बोलणं अगदी लोण्यासारखं. बाकी सगळे न्यातपोलाच्या देवळाकडे तोंड करून बसतात, हे पाठ करून बसतात. आमच्या खिडक्या बघतात, खांब बघतात, जिन्यावरची कोरलेली नागीण बोटाने चाचपतात. जेवतात थोडं, वर बघतात फार. पलीकडच्या टोलातल्या देवळातली गणेशाची मूर्ती चोरीला गेली त्या आठवड्यात ते तिथल्याच एका लॉजमध्ये उतरले होते. योगायोगही असेल.

तुमचे भाऊ त्यांना ‘दाइ’, थोरला भाऊ, म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन आले आणि मोठ्याने म्हणाले, “दाइ, भक्तपूरमधला सगळ्यात छान देखावा आमच्या आगमच्या खोलीतून दिसेल. आणि तिथे बसलाय कोण, तर ज्याला कोणी बघायचं नाही असा देव!” दोघं हसले. मीही हसले. किल्ली त्या दिवसापासून माझ्या कमरेला आहे.

ह्याहून जास्त विचारू नका. आचाजूंना, आपल्या पुरोहितांना, विचारल्याशिवाय मी वरच्या मजल्यावरची काडीही हलवत नाही, एवढं माझ्याबद्दल लक्षात ठेवा.

हंडी माळ्यावर ठेवलीत का, ते नक्की लिहा.

हीराशोभा


भक्तपूर, १८ साउन २०४१

तता,

तुझा धाकटा भाऊ तेजमान तुला कधी पत्र लिहीत नाही म्हणून ओरडतेस. आज लिहितोय. हे पत्र जिचाभाजूंशिवाय कोणाला दाखवू नकोस.

आपल्या आगममधला देव गेला.

गठेमंगलच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मी खोली उघडली. किल्ली हीराशोभा देत नव्हती. ती न्हायला गेली तेव्हा खुंटीवरून घेतली. आत आसन आहे, दिवा आहे, फुलंसुद्धा ताजी वाहिलेली. देव नाही. म्हणजे ही बाई रोज रिकाम्या आसनाला फुलं वाहून आम्हाला फसवत होती!

मी खाली आलो. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हटलं, “देव कुठाय?” तर मान वर न करता म्हणते, “आहे तिथे सुखरूप आहे.” म्हटलं, “कोणाला विकलास?” तेव्हा मात्र तिने माझ्याकडे बघितलं, तता. असं बघितलं की जणू मीच चोर. आणि पुन्हा खडे काढायला लागली. माझे काठमांडूचे स्नेही रिकामं आसन पाहून मटकन खाली बसले. परक्या माणसाला एवढी भोवळ आली, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही.

ती फ्रेंच बाई त्याच्या आदल्याच आठवड्यात गेली. जाताना हा एवढा खोका. कटोरे आहेत म्हणे. तो खोका कोणी बांधून दिला असेल? हीराशोभाने, स्वतःच्या हाताने, गवत भरभरून.

मी तिला बनेपाला माहेरी पाठवून दिलंय. मोहनीच्या सणाआधी हे आपल्या भाऊबंदांच्या गुठीतल्या वडीलधाऱ्यांपुढे मांडायला हवं. दोष तिच्यावर ठरला, तर ती पुन्हा ह्या घरात येणार नाही. तू थोरली. तू दोन ओळी लिहिल्यास तर गुठी मानेल. लवकर लिही.

तेजमान


तानसेन, २७ साउन २०४१

हीराशोभा,

तुझं नाव लिहितानासुद्धा बोटं भाजतात. पत्र बनेपाच्या पत्त्यावर पाठवतेय. का, ते तुला माहीत आहे.

बाबा गेले तेव्हा मी दूर होते. आई गेली तेव्हाही पोहोचले नाही. तरी रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून हात जोडायचे, की त्या घरात देव आहे, म्हणजे माझं माहेर आहे. तू तो विकलास. कटोऱ्यांच्या गवतात गुंडाळून विकलास. मला दोन पानं पत्र लिहिलंस, त्यात फ्रेंच बाईचं कौतुक, जर्मनाच्या साखरेची थट्टा, आणि वर माझ्या भावाकडे बोट! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. खाई त्याला खवखवे. आपल्या हाताला घाण लागली की माणूस आधी दुसऱ्याचे हात दाखवतं.

तेजमान लिहितो, तू तांदूळ निवडत होतीस. तो काठमांडूचा परका गृहस्थ, त्याला रिकामं आसन पाहून भोवळ आली, आणि तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही. कसली बाई आहेस तू?

आणि ती हंडी. आता मला सगळं कळलं. चेटूक करणाऱ्या बोक्सी बाया मंतरलेलं अन्न पाठवतात, खाणाऱ्याची जीभ बांधली जाते, हे माझी सासू सांगायची. जमिनीला टेकवायची नाही, पाय लागू द्यायचा नाही! मी एक दाणा खाल्लेला नाही. माळ्यावरही ठेवली नाही. लाकडांच्या खोपटात ठेवली, आणि गठेमंगलला भुतं घालवायला दाराला ठोकतात तसला लोखंडी खिळा तिच्या तोंडावर ठेवलाय. हे म्हणतात, “कशाला उगाच, हीराशोभा तशी नाही.” ह्यांना काय, ह्यांना मोहरीच्या तेलाचा सल्ला मिळाला की माणूस चांगलं.

कुशे औंसीपर्यंत वाट बघते. बाबांच्या नावाचा दिवस आहे. तोवर खरं लिहिलंस तर ठीक. नाहीतर त्याच दिवशी हंडी चौकातल्या छ्वासच्या दगडावर नेऊन ठेवेन, जिथे घरातली सगळी अशुभं टाकतात. आणि संध्याकाळी गुठीला पत्र.

तीर्थलक्ष्मी


बनेपा, ६ भदौ २०४१

तता,

पत्र आज दुपारी आलं. उभ्याउभ्याच लिहितेय. माझा भाऊ हे घेऊन आत्ता बसवर जाईल, ओळखीच्या ड्रायव्हरकडे देईल. तरी कुशे औंसीच्या आधी पोहोचेल की नाही, कोण जाणे.

हंडी छ्वासवर ठेवू नका.

मला बोक्सी म्हणा, चोर म्हणा. गुठीला हवं ते लिहा, मी उलट उत्तर देणार नाही. पण ती हंडी छ्वासवर ठेवू नका. खिळा काढा. खोपटातून बाहेर काढा, हात धुऊन.

का, ते विचारू नका. मला सांगता येत नाही, तता. सांगितलं तर ती तुमच्या घरात राहू शकणार नाही. तुम्हीच राहू देणार नाही, कारण माझ्याहून रीत तुम्ही कडक पाळता. न सांगता पाठवली तेव्हा पाप झालं असेल तर ते माझं आणि ज्यांना विचारून पाठवली त्यांचं. तुमचं नाही. म्हणूनच नाही सांगितलं.

तुमच्याकडेच का पाठवली, हे मात्र सांगते. भक्तपूरमध्ये मला प्रत्येक माणसाचा संशय यायला लागला होता. रात्रंदिवस ज्यांच्या ताटात वाढते त्यांचासुद्धा. बनेपाला माझ्या माहेरचे लोक भोळे आहेत, कोणीही गोड बोललं की दार उघडतात. मग मनात आलं, जगात एकच बाई अशी आहे जी कोणावर म्हणून विश्वास ठेवत नाही. वस्तू तिच्या घरात असेल तर कोणाची टाप नाही. तुमच्या संशयाच्या भरवशावर पाठवली, तता. तो माझ्यावरच उलटेल हे ध्यानात आलं नाही.

तुमच्या भावाबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही त्यांना कडेवर खेळवलंय. फक्त एक विचारते. आगमचा उंबरा दीक्षा नसलेल्या माणसाने ओलांडायचा नाही. मग त्या काठमांडूच्या गृहस्थांनी रिकामं आसन कुठून पाहिलं?

हीराशोभा


तानसेन, २० भदौ २०४१

हीराशोभा,

तुझं पत्र कुशे औंसी उलटून गेल्यावर आलं.

घाबरू नकोस. शेवटपर्यंत वाच. मी क्रमानेच लिहिते, कारण मला झाल्या प्रकाराची अजून लाज वाटते, आणि क्रमाने लिहिलं की निदान पळवाट राहत नाही.

कुशे औंसीला बाबांच्या नावाने पाणी सोडलं, जेवले, आणि भर दुपारी हंडी उचलून चौकात गेले. छ्वासच्या दगडावर ठेवली. टाकलं की मागे वळून बघायचं नसतं. अख्खं तानसेन बघत नाही. मी घरी आले, दाराला कडी घातली, आणि खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले. माझ्या मनात आलं, समोरच्या ज्ञानुमायाची नजर ह्या हंडीवर असणार. चांगली भाजलेली भक्तपूरची हंडी, ती नक्की उचलून नेणार. तिला रंगेहाथ पकडायला मी बसले होते, खोटं कशाला बोलू.

ज्ञानुमाया आली नाही. एक कुत्रं आलं. त्याने दोरा ओढला, हंडी दगडावरून कलंडली आणि फुटली. पोहे पसरले. कुत्रं खायला लागलं. मी म्हटलं आता मरेल, आता मरेल. ते मेलं नाही. शेपूट हलवत खात राहिलं. मग त्याने नाकाने पोह्यांचा ढीग उकरला आणि आतून लाल फडक्याचं टोक वर आलं. पिवळा काठ.

हीरा, तो काठ माझ्या आईच्या लग्नातल्या साडीचा आहे. मी लग्नाआधीची पोर असताना तिने अंगणात बसून ती साडी फाडली आणि त्याचं फडकं शिवलं. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणाली, “देवाला गुंडाळायला. तुला फडकं बघायला चालतं. आतलं नाही.”

मी अनवाणी धावले. कडी काढताना नख मोडलं ते नंतर कळलं. कुत्र्याला लाथ मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला, म्हटलं, देवाने त्याच्या पुढ्यात वाढलंय, मी कोण? बोचक्याची गाठ निम्मी सुटली होती. मी डोळे गच्च मिटले, वरून शाल टाकली आणि चाचपडत उचललं. हात लावायचा मला अधिकार होता की नाही, मला माहीत नाही. आचाजूंना विचारून ठेव, काय प्रायश्चित्त असेल ते घेईन. चौकातल्या सगळ्यांनी मला छ्वासवरचं टाकलेलं उचलून पळताना पाहिलं. आता ज्ञानुमाया माझ्याकडे बघून मुलांना आत बोलावते. बोक्सी कोण ठरलं, बघ.

घरभर शोधलं असतं तरी जो सापडला नसता, तो माझ्याच खोपटात, लाकडांच्या ढिगाशेजारी, माझ्याच खिळ्याखाली! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बोचकं मी माळ्यावर ठेवलं, धुतलेल्या पाटावर, ताज्या तांदळात. त्या रात्री जेवले नाही. खूप रडले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, काही नाही, माहेर घरी आलंय.

मग तुझं पत्र आलं. तुझा तो शेवटचा प्रश्न. मी दूधवालीच्या मापाच्या तळाशी बोट घालून बघणारी बाई. कापडवाल्याचा गज माझ्या गजाशी लावून बघते. आणि परक्याने रिकामं आसन पाहिलं, हे वाक्य मी स्वतःच्या हाताने तुला लिहिलं, आणि मला दिसलं नाही. भावाचं नाव आलं की मी डोळे मिटले होते.

तेजमान चार दिवसांपूर्वी इथे आला. हातात दह्याचा कटोरा. तो खाली ठेवायच्या आधी म्हणाला, “तता, हंडी कुठाय?”

म्हटलं, “कसली हंडी?”

“जिचाभाजू जाताना घेऊन गेले ती. परवा आठवलं मला. हीराशोभाने दिलेली.”

“फुटली. पोहे कुत्र्याने खाल्ले.”

त्याचा चेहरा पडला. मग मी विचारलं, “तुझा तो स्नेही रे. त्याने रिकामं आसन कुठून पाहिलं?”

त्याने कटोरा आता कुठे खाली ठेवला.

“दारातून,” म्हणाला शेवटी.

“उंबऱ्याच्या आतून की बाहेरून?”

“तता, तो नुसता बघायला आला होता.”

नुसता बघायला! हीरा, तेव्हा मला जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते. मी त्याच घरात जन्मले. त्याच चुलीवर भात शिजवायला शिकले. लग्नानंतर माहेरी आले की त्या दाराबाहेर बसून आतली घंटा ऐकायची, आणि तेवढ्यात समाधान मानायचं. आणि ह्याने रस्त्यावरचा माणूस नेऊन आत उभा केला, नुसता बघायला. मी म्हटलं, “मी पोटची लेक असून बघू शकत नाही त्याला, तेजमान. आणि तू परक्याला त्याची किंमत करायला आत नेलंस?” आणि मी त्याच्यासमोर ढसाढसा रडले.

तोही बसला मान खाली घालून. मग हळूच म्हणाला, “वर छान जागा होईल गं. चार खुर्च्या, छत्र्या. लोक न्यातपोला बघत दही खातील. लॉज नीट चालत नाही, तुला माहीत नाही. देव काय, आचाजूंना सांगून दुसरा बसवला असता.”

म्हटलं, “आणि दुसऱ्याला कोणी किंमत दिली की तिसरा. अरे, ते लोक सात समुद्र ओलांडून तुझ्या खुर्च्या बघायला येतात का?”

मग त्याने जे बोलायला नको होतं ते तो बोलला. माझी नजर दोनदा माळ्याकडे गेली होती, ती त्याने ओळखली. लहानपणापासून माझा चेहरा वाचतो तो. म्हणाला, “हंडी फुटली, पण आतलं तुझ्याकडे आहे. पण तता, तू बघितलंस का उघडून? तिने वीट बांधून दिली असेल. खरा कधीच फ्रेंच बाईबरोबर गेला असेल, आणि तू इथे विटेची पूजा करतेस. मी दीक्षा घेतलेला आहे. मला दे, मी बघून सांगतो.”

खोटं बोलत नाही, माझं मन हललं. तू मला ओळखतेस. माझ्या पोटात तो प्रश्न आधीपासून होताच, त्याने फक्त बोट ठेवलं. मी वर गेले, बोचकं मांडीवर घेतलं. वजन होतं. विटेलाही वजन असतं. गाठ तशीच निम्मी सुटलेली. एक बोट घातलं असतं तर कळलं असतं. खाली तो वाट बघत होता. मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग तुझं ते वाक्य आठवलं, जगात एकच बाई अशी आहे. मी डोळे मिटून ती गाठ आवळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग खाली आले आणि म्हटलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची. हीराशोभा म्हणते आत देव आहे, म्हणजे आहे.”

त्याला जेवायला वाढलं. भाऊ आहे, उपाशी कसा पाठवू. जेवताना तो म्हणाला, बनेपाला जाऊन तिला घेऊन येतो, त्या गृहस्थालाही पुन्हा दारात उभं करणार नाही. मी हो म्हटलं. माझा विश्वास बसलेला नाही. तो आला असेल तर एकटा आला की दुकटा, ते आधी खिडकीतून बघ. किल्ली त्याच्या हातात देऊ नकोस, आंघोळीला जाताना बरोबर ने.

गुठीला पत्र धाडलं. लिहिलं, मोहनीला देव आसनावर असेल, कुठे होता ते कोणी विचारू नये. किल्ली हीराशोभाच्या कमरेला राहील. ह्या घरची थोरली लेक सांगते.

आता तू ये. तूच न्यायचं. मी हात लावणार नाही आता. बसमध्ये तू खिडकीशी नको बसूस, ऊन लागतं, तिथे मी बसेन. बोचकं तुझ्या मांडीवर राहू दे. मोहनीनंतर लेकींना बोलावतात ते नख्त्याचं जेवण करूनच परत येईन, आणि तो जर्मन अजून असेल तर वड्यावर साखर घालताना मलाही बघायचाय.

पण वाटेत तुला गाठ सैल वाटली, घट्ट करावीशी वाटली, तर खुशाल कर. मी भक्तपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहीन.

तुझी
तता